ड्यूटीचं भांडण खरंच ड्यूटीवरून होतं का? साऊथ कॅरोलायना, 1832

प्रश्न विचारणारा मुलगा परीक्षेची तयारी करतोय. त्याच्या क्लासच्या नोट्समध्ये एकच ओळ आहे: उत्तरेला टॅरिफ (आयात मालावरचं शुल्क) हवा होता, दक्षिणेला नको होता, म्हणून 1832 मध्ये अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलायना राज्याने केंद्राचा कायदा रद्द ठरवला. दुसरीकडे त्याने वाचलं की टॅरिफ हा नुसता बहाणा, खरं कारण गुलामगिरी. त्याचं म्हणणं, यातलं खरं कोणतं ते सांगा. शिवाय एखादं राज्य केंद्राचा कायदा 'रद्द' करतं म्हणजे प्रत्यक्षात करतं तरी काय?

मी प्राध्यापक नाही. इतिहासात एम.ए. केलं आणि पोटासाठी क्लिअरिंगच्या धंद्यात शिरलो. गेली 27 वर्षं न्हावा शेवाला लोकांचा माल सोडवतोय. त्यामुळे या प्रकरणाकडे मी कस्टम हाऊसच्या खिडकीतून बघतो. तिथून बघितलं तर तुझा दुसरा प्रश्न आधी घ्यावा लागतो. तो सुटला की पहिल्याचा गुंता बराच सैल होतो.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव. तेव्हाच्या अमेरिकेत इन्कम टॅक्स नव्हता. केंद्र सरकारचं बहुतेक उत्पन्न आयात शुल्कातून यायचं, आणि थोडंफार सरकारी जमिनी विकून. निर्यातीवर शुल्क लावायला राज्यघटनेनेच बंदी केलेली. म्हणजे न्यूयॉर्क, बॉस्टन, चार्ल्स्टन अशा बंदरांतली कस्टम हाऊसं हीच सरकारची तिजोरी. सर्वसामान्य माणसाचा केंद्र सरकारशी संबंध आला तर दोनच ठिकाणी: पोस्टात किंवा कस्टममध्ये. तेव्हा ज्याला केंद्राला अडवायचंय तो जाणार कुठे? कस्टम हाऊसच्याच दारात.

शुल्क महसुलासाठी होतं तोवर फारशी ओरड नव्हती. 1816 पासून ते देशी कारखान्यांच्या संरक्षणासाठी लावायला सुरुवात झाली. त्या वर्षीच्या कायद्यात आपल्याशी थेट संबंध असलेलं एक कलम आहे. सुती कापडावर 25 टक्के ड्यूटी, पण कापड कितीही स्वस्त असलं तरी त्याची किंमत वारामागे किमान 25 सेंट धरायची. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून हसू येतं, कारण सुपारी आणि पामतेलावर आपल्याकडे सरकार 'टॅरिफ व्हॅल्यू' ठरवतं ती याच घराण्यातली. पार्टीने बिल कितीचंही दाखवो, ड्यूटी सरकारने ठरवलेल्या किमतीवरच. आता हिशोब कर. समजा कापड 9 सेंट वाराचं आहे. 25 सेंटच्या 25 टक्के म्हणजे सव्वासहा सेंट ड्यूटी. कागदावर 25 टक्के, प्रत्यक्षात सत्तरच्या घरात. महाग विलायती कापडाला याचा धक्काही लागत नव्हता. मार बसला तो हिंदुस्थानातून जाणाऱ्या स्वस्त जाड्याभरड्या कापडाला, आणि मॅसॅच्युसेट्सच्या नव्या गिरण्या ज्या मालाशी झुंजत होत्या तो नेमका हाच होता. गंमत म्हणजे या 1816 च्या कायद्याच्या बाजूने काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, बोलणाऱ्यांत साऊथ कॅरोलायनाचे जॉन कॅल्हून होते. पुढे टॅरिफविरोधाचा सगळा सिद्धान्त रचला तो याच माणसाने.

1824 मध्ये दर वाढले. 1828 मध्ये तर कहर झाला. त्या वर्षी अध्यक्षपदाची निवडणूक होती. विधेयकाचा मसुदा करणाऱ्यांनी त्यात लोखंड, दोरखंडाचा हेम्प, मळी, कच्ची लोकर यांवरही जबर शुल्क टाकलं. न्यू इंग्लंडच्या गिरण्यांना आणि जहाजवाल्यांनाच ते जाचेल, तिकडचे लोक विरोधात मत देतील आणि विधेयक पडेल, असा दक्षिणेच्या सदस्यांचा होरा होता. म्हणून त्यांनी ते सौम्य करायचे प्रयत्न हाणून पाडले. आणि ते मंजूर झालं! 19 मे 1828 ला अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी सहीही केली. दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात दक्षिण स्वतः पडली, आणि मग त्या कायद्याला 'किळसवाणा टॅरिफ' म्हणत बसली.

आता दक्षिणेची तक्रार खरी होती का? इथे मी सरळ हो किंवा नाही म्हणणार नाही. कारण ड्यूटी शेवटी कोणाच्या खिशातून जाते हे परिस्थितीवर ठरतं, आणि हे मला पुस्तकाआधी धंद्याने शिकवलं. चलान भरतो आयातदार. पण बाजारात त्याच्याशिवाय माल नसेल तर तो ती रक्कम गिऱ्हाइकावर ढकलतो. गिऱ्हाइकाकडे पर्याय असेल तर तो परदेशी पुरवठादाराच्या मानगुटीवर बसतो आणि भाव पाडून घेतो. एकाच मालावर दोन वर्षांत दोन्ही प्रकार होताना मी पाहिलेत.

साऊथ कॅरोलायनाचे काँग्रेस सदस्य जॉर्ज मॅक्डफी यांनी याचं एक झणझणीत गणित मांडलं. मळेवाला कापूस इंग्लंडला विकतो, बदल्यात तिकडचा माल येतो, त्यावर 40 टक्के ड्यूटी. म्हणजे त्याच्या दर 100 गासड्यांतल्या 40 गासड्या सरकार उचलून नेतं! अंकगणित म्हणून हे चूक आहे. कारण परदेशी माल फक्त मळेवालेच घेत नव्हते, आणि ड्यूटीचा सगळा भार एकाच टोकाला बसत नसतो. पण त्यात एक सत्याचा कण आहे. आयातीवर कर लावला की त्याचा दाब निर्यात करणाऱ्यावर येतो. अर्थशास्त्रात हे 1936 मध्ये अबा लर्नर यांनी नीट सिद्ध केलं. तुला जवळचं उदाहरण हवं असेल तर ऑगस्ट 2023 आठव. कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागलं. भरायचं होतं निर्यातदाराने, लिलाव बंद पडले लासलगावात. घटनेने निर्यात कराला बंदी केली असताना सरकार मागच्या दाराने तोच वसूल करतंय, असं मळेवाल्याला वाटत होतं. ते वाटणं निराधार नव्हतं.

पण मळेवाल्याच्या हलाखीचं खापर एकट्या टॅरिफवर फोडता येत नाही. 1818 च्या सुमारास चार्ल्स्टनला कापसाला पौंडामागे 30 सेंटच्या आसपास भाव होता. 1830 च्या तोंडावर तो 10 सेंटच्या खाली घसरत होता. याचं मोठं कारण अलाबामा आणि मिसिसिपीतली नवी काळी जमीन. तिथे कापूस स्वस्तात पिकत होता आणि साऊथ कॅरोलायनाची जमीन वर्षानुवर्षांच्या पिकाने थकली होती. माणसं गुलामांसकट पश्चिमेला निघून जात होती. म्हणजे भाऊबंदच भाव पाडत होते, आणि राग निघत होता मॅसॅच्युसेट्सवर.

शिवाय जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी ही पण कापसाचीच राज्यं. ड्यूटी तीच, विलायती गिऱ्हाईक तेच. 1832 मध्ये त्यांच्यापैकी एकही साऊथ कॅरोलायनाच्या मागे गेलं नाही. 'दक्षिणेला टॅरिफ नको होता' हे सरसकट खरंही नाही. लुइझियानाच्या उसवाल्यांना परदेशी साखरेवर ड्यूटी हवीच होती. क्लासच्या नोट्समधली ओळ इथेच फाटते.

आता 'रद्द करणं' म्हणजे काय, त्याकडे येतो. यातच मला खरी गोडी आहे.

सिद्धान्त असा. संघराज्य हा राज्यांनी आपसांत केलेला करार आहे. केंद्राने कराराबाहेर जाऊन कायदा केला तर करारातला कोणताही पक्ष तो आपल्या हद्दीत शून्यवत ठरवू शकतो. तीन चतुर्थांश राज्यांनी घटनादुरुस्ती करून केंद्राला तो अधिकार दिला तरच प्रश्न मिटतो. हे कॅल्हून यांनी 1828 च्या डिसेंबरात लिहिलं, तेही निनावी, कारण ते तेव्हा देशाचे उपाध्यक्ष होते. आधार म्हणून पुढे अध्यक्ष झालेल्या जेफर्सन आणि मॅडिसन यांचे 1798 चे केंटकी व व्हर्जिनियाचे ठराव दाखवले जात. पण मॅडिसन तोवर हयात होते, आणि आपल्या ठरावांचा असा अर्थ नव्हता, असं ते म्हातारपणी पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

पण सिद्धान्ताने माल सुटत नाही. जहाज बंदराला लागलं की पुढे काय? तेव्हाची पद्धत आपल्या बाँडसारखी होती. आयातदार ड्यूटीची रक्कम रोख न भरता काही महिन्यांच्या मुदतीचा बाँड लिहून द्यायचा आणि माल घरी न्यायचा. मुदत संपली आणि पैसे आले नाहीत तर सरकार कोर्टात. कोर्टात ज्युरी, म्हणजे निकाल देणारं सामान्य नागरिकांचं पंचमंडळ. आणि ज्युरीत बसणार कोण? चार्ल्स्टनचीच माणसं. ही फट कोणाच्या तरी ध्यानात आली. 1831 मध्ये चार्ल्स्टनच्या दोन वकिलांनी मुद्दाम माल मागवला, बाँड दिला आणि मुदतीला पैसे द्यायचं नाकारलं. संरक्षणासाठी लावलेली ड्यूटी घटनाबाह्य आहे की नाही हे ज्युरीने ठरवावं, असा डाव होता. मॅक्डफी त्यांच्या बाजूने उभे राहिले. फेडरल न्यायाधीशाने तो मुद्दा ज्युरीसमोर जाऊच दिला नाही. बाँड दिलाय ना, मग पैसे भरा, विषय संपला. माझ्या ओळखीच्या कित्येक अधिकाऱ्यांनी अगदी हेच उत्तर दिलं असतं.

या फसलेल्या डावातून धडा घेऊन 1832 चा ठराव आखलेला दिसतो. 24 नोव्हेंबर 1832 ला कोलंबिया गावी राज्याच्या परिषदेने 136 विरुद्ध 26 मतांनी 1828 आणि 1832 चे दोन्ही टॅरिफ रद्दबातल ठरवले. अंमल 1 फेब्रुवारी 1833 पासून. भाषणबाजी बाजूला ठेवून कलमं वाच. ड्यूटीसाठी दिलेले बाँड शून्यवत. राज्याचे अधिकारी आणि अशा खटल्यातले ज्युरी, सगळ्यांनी हा ठराव पाळायची शपथ घ्यायची. यावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात अपील करायचं नाही, अपिलासाठी कागदपत्रांच्या नकलाही द्यायच्या नाहीत. केंद्राने बळ वापरलं तर राज्य संघराज्यातून बाहेर. पाठोपाठ विधिमंडळाने कायदा केला की ड्यूटीपायी अडकवलेला माल आयातदाराने राज्याच्या कोर्टातून परत मिळवावा. म्हणजे या कलमांत बंदुका नाहीत, मोर्चे नाहीत. नुसत्या कागदांनी कस्टम हाऊस कोरडं पाडायचं. फार हुशारीने केलेलं काम आहे, हे मान्य करायला हवं.

अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी 10 डिसेंबरच्या जाहीरनाम्यात ठणकावलं की शस्त्राच्या बळावर फुटून निघणं हा देशद्रोह आहे. बरीच पुस्तकं यावर थांबतात. पण त्यांचं खरं उत्तरही कस्टमच्या भाषेतच होतं. त्यांनी काँग्रेसकडे मागितलेल्या 'फोर्स बिला'त, म्हणजे गरज पडल्यास बळाने ड्यूटी वसूल करायच्या कायद्यात, एक तरतूद होती: गरज पडल्यास कस्टम हाऊस बंदरातल्या एखाद्या सुरक्षित जागी किंवा थेट जहाजावर हलवायचं आणि ड्यूटी रोख घ्यायची. तोवर माल हलणार नाही. चार्ल्स्टनच्या बंदरात कॅसल पिंकनी नावाचा छोटा किल्ला पाण्यातच आहे, तो डोळ्यासमोर होता. बघ काय झालं. रोख म्हटलं की बाँड नाही. बाँड नाही म्हणजे खटला नाही. खटला नाही तर शपथ घेतलेली ज्युरी बसून करणार काय? एका शब्दात त्या सगळ्या कलमांची हवा गेली.

जॅक्सन राज्यांच्या हक्कांचे शत्रू होते असं मात्र समजू नकोस. त्याच 1832 साली चेरोकी या मूळ रहिवासी लोकांच्या बाबतीत जॉर्जियाने सुप्रीम कोर्टाचा निकाल धाब्यावर बसवला तेव्हा हेच जॅक्सन गप्प होते. केंद्राच्या तिजोरीला हात लागला तेव्हाच ते उठले.

आता तुझा पहिला प्रश्न. बहाणा की खरं?

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पार्टी होती. वर्गीकरणावरून वाद झाला, फरक होता जेमतेम साडेअकरा हजारांचा. मी म्हटलं, भरून टाका, माल सोडवा, डेमरेज (माल पडून राहिल्याचा दंड) वाढतंय. ऐकेनात. ट्रिब्यूनलपर्यंत गेले, वकिलाची फीच लाखावर. मला तेव्हा मूर्खपणा वाटला. वर्षभराने कळलं की त्याच वर्गात बसू शकेल असा दुसरा, दसपट मोठा माल ते आणणार होते. भांडण आजच्या कंटेनरचं नव्हतंच. उद्या कोणत्या कंटेनरला हात लावायचा अधिकार खात्याला मिळेल, याचं होतं.

साऊथ कॅरोलायनाला ही फूटपट्टी लाव. जुलै 1832 च्या नव्या टॅरिफने बरेच दर खाली आणले होते. गुलामांच्या कपड्यांसाठी मळेवाले जे स्वस्त जाडं लोकरी कापड घेत, त्यावर तर अवघे 5 टक्के ठेवले. ज्याचं दुखणं दराचं असतं तो अशा वेळी आणखी घासाघीस करतो. यांनी चारच महिन्यांत कायदा रद्द केला. मग दुखणं कुठलं?

1830 च्या शिरगणतीत साऊथ कॅरोलायनाची लोकसंख्या साधारण 5 लाख 81 हजार होती. त्यात 3 लाख 15 हजार गुलाम. निम्म्याहून जास्त. शेजारच्या राज्यांत हे प्रमाण इतकं नव्हतं. 1822 मध्ये चार्ल्स्टनला डेन्मार्क व्हेसी या काळ्या माणसाच्या पुढाकाराने गुलामांच्या उठावाचा कट उघडकीस आल्याचं जाहीर झालं, कित्येकांना फाशी दिली गेली. त्यानंतर राज्याने कायदा केला की बंदरात आलेल्या जहाजावरच्या स्वतंत्र काळ्या खलाशांनाही जहाज निघेपर्यंत तुरुंगात ठेवायचं. 1823 मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम जॉन्सन, जे स्वतः चार्ल्स्टनचे, त्यांनी हा कायदा घटनाबाह्य ठरवला. राज्याने तो तसाच चालू ठेवला. हे ध्यानात घे: केंद्राचं न ऐकण्याचा सराव टॅरिफवर नव्हे, इथे सुरू झाला, आणि तोही बंदरातच. ऑगस्ट 1831 मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला आणि भीती आणखी वाढली.

कॅल्हून यांनी 11 सप्टेंबर 1830 च्या एका खाजगी पत्रात हे उघड लिहिलंय. टॅरिफ हे निमित्त आहे, खरं कारण नव्हे. दक्षिणेची गुलामगिरीची व्यवस्था आणि तिच्या हवामान-जमिनीने घडवलेले व्यवसाय यांनी तिला बहुसंख्याकांच्या विरुद्ध बाजूला उभं केलंय, आणि राज्यांना राखीव हक्कांचं संरक्षण नसेल तर पुढे बंड तरी करावं लागेल किंवा सगळं गमवावं लागेल, असा त्याचा आशय.

तरीही मी 'बहाणा' हा शब्द वापरणार नाही. बहाणा खोटा असतो. कापसाचा भाव पडल्याने बुडालेला मळेवाला खोटं रडत नव्हता. मी असं लिहीन: टॅरिफ ही खरी तक्रार होती, पण ती त्यांनी पुढच्या मोठ्या खटल्याचा पायंडा पाडायला वापरली. देशाचं कल्याण या नावाखाली केंद्राला कारखाने वाढवायचा अधिकार मान्य केला, तर उद्या त्याच नावाखाली ते गुलामांना हात लावेल. त्याआधीच 'नाही' म्हणायचा हक्क सिद्ध करून ठेवायचा. परीक्षेत लिहिताना दोन्ही बाजू मांड, पण शेजारच्या राज्यांचा आणि 5 टक्क्यांच्या कापडाचा मुद्दा सोडू नकोस. परीक्षक तिथे थांबेल.

शेवटी काय झालं तेही माहीत असू दे. फेब्रुवारीची तारीख उजाडण्याआधीच चार्ल्स्टनच्या सभेत अंमल पुढे ढकलला गेला. केंटकीचे सिनेटर हेन्री क्ले आणि कॅल्हून यांनी तडजोड काढली. 2 मार्च 1833 ला जॅक्सन यांनी एकाच दिवशी फोर्स बिलावर आणि तडजोडीच्या टॅरिफवर सही केली. 20 टक्क्यांच्या वर जेवढी ड्यूटी असेल, तिचा दहावा भाग दर दोन वर्षांनी कापायचा, असे चार हप्ते. उरलेले सहा भाग 1842 च्या जानेवारीत आणि जुलैत अर्धे अर्धे. म्हणजे खरी सूट नऊ वर्षांनी, शेवटच्या सहा महिन्यांत! असा हप्ता मी पार्टीला सुचवला तर ती मला हाकलून देईल. साऊथ कॅरोलायनाने मान्य केला, 15 मार्चला टॅरिफविरोधी ठराव मागे घेतला, आणि तीन दिवसांनी फोर्स बिल रद्दबातल ठरवलं. ते आता कोणी वापरणारच नव्हतं, म्हणजे नाक तेवढं वर राहिलं.

1 जुलै 1842 ला दर ठरल्याप्रमाणे 20 टक्क्यांवर आले. दोन महिनेही टिकले नाहीत. सरकारची तिजोरी रिकामी होती. 30 ऑगस्टला नवा टॅरिफ आला आणि दर पुन्हा जवळपास 1832 च्या पातळीला गेले. त्यावर सही होती अध्यक्ष जॉन टायलर यांची. सिनेटमध्ये फोर्स बिलाविरुद्ध पडलेलं एकमेव मत याच टायलर यांचं होतं. साऊथ कॅरोलायनात 1844 मध्ये ब्लफ्टन गावी थोडी आरडाओरड झाली, पण परिषद भरली नाही, ठराव झाला नाही, आणि चार्ल्स्टनच्या कस्टम हाऊसमध्ये ड्यूटी भरली जात राहिली.